तासाला पावणेदोन रुपये

आजचा विषय आहे पाळणाघर. हा विषय सांगितला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली, ‘हा बायकांचा विषय.’ दुसरी, ‘आमच्या वेळी नव्हती हो असली पाळणाघरं, तरी मुलं वाढलीच ना!’ पहिलीला उत्तर देण्यात वेळ घालवत नाही. दुसरीकडे मात्र आपल्याला परत यायचं आहे. मुलं वाढली हे खरंच. पण ती कुणी वाढवली, आणि त्याची किंमत कुणाच्या खात्यावर पडली, हे त्या वाक्यात येत नाही.

आधी एक साधं गणित करू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तरी चालेल, आकडे छोटे आहेत.

केंद्र सरकारची ‘पाळणा’ नावाची योजना आहे. पूर्वीची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’ या छत्राखाली आणली गेली आणि तिला हे नाव मिळालं. कल्पना अशी की देशभर अंगणवाड्या आहेतच, त्यांनाच पाळणाघर जोडायचं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं. एका पाळणाघरात पंचवीस. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास. अशी १७,००० केंद्रं उभी करायचं उद्दिष्ट. आई नोकरी करते की नाही हे न विचारता मूल घ्यायचं, हा या योजनेतला खरोखर चांगला बदल आहे आणि तो आधी नोंदवून ठेवू. शेतात राबणारी, घरबसल्या विड्या वळणारी बाई ‘नोकरी’चा दाखला कुठून आणणार?

आता पैसे. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या सेविकेला महिना ५,५०० रुपये, मदतनिशीला ३,०००. बेरीज ८,५००. भागिले पंचवीस मुलं, म्हणजे एका मुलामागे महिन्याला ३४० रुपये. महिन्याचे तास किती? २६ गुणिले साडेसात, १९५. आता ३४० ला १९५ ने भागा. पावणेदोन रुपये. एका मुलाला एक तास सांभाळायचं, भरवायचं, धुवायचं, झोपवायचं, पडलं तर उचलायचं, याची मजुरी शासनाने धरली आहे पावणेदोन रुपये. मूळच्या अंगणवाडी सेविकेला नि मदतनिशीला या जादा कामाचे वर १,५०० आणि ७५० मिळतात. तेही धरले तरी आकडा सव्वादोनच्या आतच राहतो. एखाद्या राज्याने पदरचे घालून भर टाकली तर गोष्ट वेगळी.

हे कमी आहे, हे कुणीही सांगेल. आम्हाला त्यापुढचं बोलायचं आहे.

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. पाळणाघर सेविकेला दिवसाला पडतात २११, मदतनिशीला ११५. आता गंमत बघा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच एक तरतूद घातलेली होती: कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यापैकी एकीला मुलं सांभाळायला बसवायचं, आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. कारण साधं आहे. माती उचलणं हे काम, तसं मूल उचलणं हेही काम. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रकारच्या कामाला, एक कायदा मजुरी म्हणतो आणि दुसरी योजना ‘मानधन’ म्हणते. मजुरी म्हटलं की किमान वेतन येतं, तास येतात. मानधन म्हटलं की नुसता मान येतो. धन किती, ते आत्ता आपण बघितलं.

हा शब्दांचा कीस नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांना मिळतं ते मानधन, वेतन नव्हे, त्या नोकर नव्हेत, हा युक्तिवाद तिथेही झाला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच आहे असं म्हटलं. त्यानंतरही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंचा प्रदीर्घ संप झालाच. त्या काळात गावोगावी अंगणवाड्यांना कुलपं होती. ज्या कामाला शासन मजुरी देत नाही ते थांबल्यावर काय होतं, ते त्या दिवसांत पुष्कळ आयांना कळलं.

आम्ही योजनेला ‘अनुदान’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर चित्र येतं ते असं: सरकार देतं, कुटुंब घेतं. पण हिशेब मांडला तर मोठा दाता वेगळाच निघतो. जी बाई ३१२ च्या जागी २११ वर राबते, ती रोज शंभर रुपये या योजनेत घालते. सरकारपेक्षा गरीब माणूस सरकारच्या योजनेला अनुदान देतो आहे. हीच आमची मुख्य तक्रार आहे, बाकीचं तिच्या अवतीभवती.

आता ते साडेसात तास घ्या. आठ तासांची पाळी, मधली अर्ध्या तासाची सुट्टी, जाण्यायेण्याचा वेळ. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईला हे सांगायला नको. साडेसात तासांच्या पाळणाघरात मूल ठेवून आठ तासांची नोकरी कोण करू शकतं? जिच्या घरी सकाळी मूल सोडायला आणि संध्याकाळी आणायला दुसरं माणूस आहे ती. म्हणजे जिच्याकडे आजी आहे तिलाच पाळणाघर उपयोगी. जिच्याकडे आजी नाही, तिला तर ते हवं होतं! त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. उद्योगखात्याच्या घड्याळात दिवस बारा तासांचा आणि महिला-बालविकासच्या घड्याळात साडेसात. मधले तास कुणाचे, हा प्रश्न कुठल्याच खात्याकडे नाही.

ते तास घरात शिरतात. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची माणसं सांभाळण्याचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला १३७ मिनिटं घालवतात, पुरुष ७५. बिनपगारी घरकामात बायकांची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. आणि ही पाहणी सहा वर्षांवरच्या सगळ्यांची आहे, म्हणजे त्या बायकांमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलीही आल्या. ‘आमच्या वेळी मुलं वाढलीच ना’ म्हणणाऱ्यांनी आपली थोरली बहीण कितवीत शाळेतून निघाली ते एकदा आठवून बघावं.

हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना आधीच दिसलं होतं. बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा कुरणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी झाली, तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधलेली. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत विकासवाडीचं वर्णन बालशिक्षणाचा प्रयोग म्हणून येतं, ते बरोबरच आहे. पण आम्हाला त्यातली व्यवहारी हुशारी जास्त भावते. कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवल्याशिवाय थोरली वर्गात बसू शकत नाही. म्हणून पाळणाघर शाळेच्या भिंतीला लागून हवं, आणि शाळेच्या वेळेत उघडं हवं. आज अंगणवाडी एका वेळेला, शाळा दुसऱ्या वेळेला, आईचं काम तिसऱ्याच वेळेला. तीन खाती, तीन घड्याळं.

हे झालं शासनाच्या योजनेचं. दुसरा रस्ता आहे कायद्याचा, म्हणजे पाळणाघराचा खर्च मालकावर टाकायचा. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. सुरुवातीला मर्यादा होती पन्नास स्त्रिया, १९७६ मध्ये ती तीसवर आणली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता, त्यातही पन्नासहून जास्त स्त्रिया. आता तीस बायकांवर रेघ मारली की चतुर मालक काय करील? तिसाव्या बाईवर थांबेल, एकतिसावी ठेकेदाराच्या पटावर दाखवील. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने यात एक शहाणपणा केला. पन्नास स्त्रिया न म्हणता पन्नास कर्मचारी म्हटलं. पुरुषही मोजले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच पन्नासची रेघ आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याचा हक्क दिला. पण पाळणाघराचा पैसा संपूर्ण मालकाचा. शासनाचा एक रुपया त्यात नाही. आणि पन्नासच्या खालच्या दुकानात, दवाखान्यात, शिवणकामाच्या गाळ्यात, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बाबतीत तर कायदा बोलतच नाही. या देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायका त्या खालच्या बाजूलाच आहेत.

पैसा कुणी द्यायचा हा वाद मुंबईत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, आणि तो आजच्यापेक्षा वरच्या दर्जाचा होता असं आमचं मत आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत पाचव्या हिश्शाच्या आसपास बायका होत्या. तान्ही मुलं घरी चाळीत. ती दिवसभर झोपून राहावीत म्हणून त्यांना अफू घातलेली बाळागोळी देत. त्या काळच्या सरकारी पाहणीत हे नोंदलेलं आहे. आया निर्दय होत्या म्हणून नव्हे. पाळणाघर नव्हतं म्हणून. त्या अहवालांनंतर काही गिरण्यांनी पाळणाघरं काढलीसुद्धा.

१९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. मालकांच्या बाजूचा आक्षेप ओळखीचा आहे: भार आमच्यावर का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या चर्चेत बोलले. आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या अंशी सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार तो आज उचलत नाही एवढ्यावरून मालकाची सुटका होत नाही, कारण बायका कामाला ठेवण्यात त्याचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो. दोन्ही टोकं एकाच भाषणात धरलेली. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटत घटत नगण्य झाली. त्याला कारणं अनेक होती, रात्रपाळीची बंदी होती, यंत्रं बदलली, मालकांनी कामाची फेरमांडणी केली. पण बाई ठेवली की खर्च वाढतो, हा हिशेबही त्यात होता, हे नाकारता येत नाही.

त्या भाषणातला पहिला भाग आपण विसरलो आणि दुसराच लक्षात ठेवला. राज्य कामगार विम्यात ज्यांचं नाव आहे त्यांच्या बाळंतपणाच्या रजेचा पैसा विम्याच्या सामायिक निधीतून येतो. तिथे एका मालकावर भार पडत नाही, आणि ही व्यवस्था चालते. मग पाळणाघरासाठी असा निधी का नसावा? प्रत्येक मालकाने, पुरुष ठेवो की बाई, डोक्यामागे थोडे पैसे घालायचे, शासनाने आपला वाटा घालायचा, आणि पाळणाघर वस्तीत किंवा औद्योगिक वसाहतीत सामायिक. ज्याच्याकडे पाच कामगार आहेत त्याच्या कामगारणीचं मूलही तिथेच. बाई न ठेवून पैसे वाचवायची वाटच मग राहत नाही.

इथे मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. शासनाला बालसंगोपनाची किंमत कळत नाही असं अजिबात नाही. केंद्र सरकारच्या स्वतःच्या स्त्री कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवस दिले. योग्यच केलं. म्हणजे मंत्रालयात बसून पाळणाघराची फाईल बघणाऱ्या बाईला जे मिळतं, ते त्या फाईलमधल्या बाईला मिळत नाही, एवढंच.

आता उलट बाजूचा युक्तिवाद. बरेच अभ्यासू लोक म्हणतात, शासनाने पाळणाघरं चालवायच्या भानगडीत पडू नये. पैसे थेट आईच्या हातात द्या, ती ठरवील. महाराष्ट्रात तर २०२४ पासून लाडक्या बहिणीला दरमहा दीड हजार मिळू लागले. पैशाचा अपमान आम्ही करणार नाही. बाईच्या नावावर स्वतंत्र पैसा येणं याला किंमत आहे. पण दीड हजारात पुण्या-मुंबईत पाळणाघरवाल्या काकू किती दिवस मूल ठेवतील? आणि गावात तर काकूच नाहीत. जे विकतच मिळत नाही ते विकत घ्यायला पैसे देऊन काय होणार? विहीर न खणता पोहरा वाटण्याचा हा प्रकार आहे.

परदेशातही हा वाद दोन्ही बाजूंनी खेळून झाला आहे. ऑस्ट्रेलियात अनुदान पालकांच्या मागे जातं. तिथे एक शेअरबाजारात नोंदलेली कंपनी, एबीसी लर्निंग, त्या अनुदानावर फुगून हजाराहून जास्त केंद्रं चालवू लागली आणि २००८ मध्ये कोसळली. केंद्रं उघडी ठेवायला शेवटी सरकारलाच पैसे ओतावे लागले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये उलटा रस्ता धरला: दिवसाला पाच डॉलर, सर्वांना, बाकीचा खर्च शासन थेट केंद्राला देणार. बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या. पण जागा अपुऱ्या, रांगा लांब, आणि चांगल्या केंद्रांत आधी घुसले ते रांगेत कसं लागायचं हे ठाऊक असलेले मध्यमवर्गीय. म्हणजे शासनाने चालवलं की आपोआप न्याय होतो, असंही नाही. आपल्या मराठी माणसांपैकी जे तिकडे आहेत आणि हे ऐकताहेत, त्यांना या रांगा ठाऊक असतील.

आपल्याकडे शासनाने काय केलं? २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजनेचा खर्च वाटून टाकला. केंद्र ६०, राज्य ३०, आणि चालवणारी स्वयंसेवी संस्था १० टक्के. दहा टक्के म्हणजे कागदावर किरकोळ. पण मजुरांच्या वस्तीत एका खोलीत पाळणाघर चालवणाऱ्या छोट्या संस्थेकडे दहा टक्के आणायचे कुठून? त्यात राज्याचा हप्ता उशिरा, म्हणून केंद्राचा उशिरा. एकेकाळी देशात तेवीस हजारांच्या आसपास पाळणाघरं या योजनेत होती. २०२० मध्ये साडेसहा हजारांच्या आत आली. कुणी आदेश काढून ती बंद केली नाहीत. ती वाट बघत बंद पडली. आता नवी १७,००० उभी राहिली तरी आपण जुन्या जागेच्या अलीकडेच असू, आणि जाहिरातीत ती नवी म्हणून मोजली जातील.

शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘कूसिना मने’ काढली, म्हणजे बाळाचं घर. ग्रामपंचायतीच्या पातळीवर, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी, चार हजार पंचायतींचा संकल्प. सांभाळणाऱ्या बाईला रोजगार हमीचीच मजुरी, म्हणजे ‘मानधन’ हा शब्दच टाळला. छत्तीसगढमध्ये सुरगुजा भागात आयांनीच चालवलेल्या फुलवाऱ्या झाल्या. यातलं काही परिपूर्ण नाही, पण आईचं काम कुठे आहे आणि केव्हा आहे इथून सुरुवात केली की योजना वेगळी दिसते.

तर मग महाराष्ट्रात आपण सुरुवात कुठून करावी? आमचं उत्तर: उसाच्या फडापासून. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, मुकादमाचा हिशेब असतो, बाईने एक दिवस कोपीवर थांबायचं तर खाडा पडतो. म्हणून तान्हं मूल पहाटे तीन-चारला फडात येतं, पाचटावर, बैलगाडीच्या सावलीत. तिथे साप आहे, थंडी आहे, मागे येणारा ट्रॅक्टर आहे. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावाकडे वसतिगृहं सुरू झाली, ती हवीतच. पण सहा महिन्यांचं मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबरच येणार.

आणि इथे पैसा नाही असं म्हणता येत नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलेलं आहे. राज्यात एका हंगामात आठ ते दहा कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांकडूनच ऐंशी ते शंभर कोटी, आणि तेवढेच शासनाचे. आता आमचा ढोबळ अंदाज ऐका. पंचवीस मुलांचं एक पाळणाघर, दोन सांभाळणाऱ्या बायका, दोघींना पूर्ण मजुरी, मुलांना दोन वेळचं खाणं, पत्र्याची शेड, पाणी: सहा महिन्यांच्या हंगामाला फार तर चार लाख. हजार पाळणाघरं म्हणजे चाळीस कोटी, आणि पंचवीस हजार मुलं फडाबाहेर. सांभाळणाऱ्या बायका टोळीतल्याच घ्याव्यात, ज्यांची कंबर किंवा गुडघे आता मोळी उचलू देत नाहीत अशा. त्यांना उचल फेडायला तेच पैसे उपयोगी पडतील.

एक अट मात्र घालावी लागेल, आणि शासकीय नमुन्यात ती बसवणं सगळ्यात अवघड जाईल असं आम्हाला वाटतं. हे पाळणाघर सकाळी साडेनऊला उघडून चालणार नाही. ते पहाटे साडेतीनला उघडावं लागेल, आणि शेवटची गाडी भरून आई परत येईपर्यंत बंद करता येणार नाही.

वेळ झाली. तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांत पहिलाच दिसतोय तो एका ताईंचा, मराठवाड्यातून: पहाटे साडेतीनला सेविकेच्या स्वतःच्या मुलाला कोण बघणार? तिथूनच सुरू करू.